पाण्यातलं झाड आणि आपली गच्ची

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला विषय दिलाय ‘बोन्साय : छंद आणि निगा’. पण आपण सगळे एकाच इमारतीत राहतो, त्यामुळे आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढं एक विषय येणार आहे : गच्चीवर कुंड्या ठेवू द्यायच्या की नाही. ज्या कुंड्यांबद्दल हे चाललंय त्यातल्या चौदा माझ्या आहेत. म्हणून आज झाडाबद्दलही बोलतो आणि गच्चीबद्दलही. निर्णय सभेचाच. पण निर्णय घेताना माहिती पूर्ण असावी, एवढीच इच्छा.

गच्चीवर येणारे बहुतेक जण एकाच झाडापाशी थांबतात. ‘बाकीच्या झाडांना तुम्ही पाण्याचा निचरा, निचरा म्हणून डोकं खाता, आणि हे एक पाण्यात बुडवून ठेवलंय, हे कसं काय?’ असं विचारतात. तर तिथूनच सुरुवात करू.

हे झाड मूळचं कुठलं?

याला इंग्रजीत बाल्ड सायप्रस म्हणतात, म्हणजे टकला सायप्रस. शास्त्रीय नाव टॅक्सोडियम डिस्टिकम. देवदार, पाइन यांच्यासारखं हे सूचिपर्णी झाड. सूचिपर्णी झाडं बहुतेक बारमाही हिरवी असतात. हे मात्र हिवाळ्यात पानं टाकून मोकळं होतं, म्हणून टकलं. पानं एकेक करून गळत नाहीत. पिसासारखी अख्खी डहाळीच तांबूस होते आणि खाली पडते. नवी पालवी फुटते तेव्हा रंग असा कोवळा पोपटी असतो की हात लावल्याशिवाय राहवत नाही.

याचं घर अमेरिकेच्या आग्नेय भागात. लुइझियाना, फ्लोरिडा, मिसिसिपी या राज्यांतल्या दलदली, नदीकाठचे पाणथळ पट्टे. लुइझियानाचा तर तो राज्यवृक्ष आहे. वर्षातले कित्येक महिने बुंध्याभोवती पाणी असतं. अशा चिखलात उभं राहायचं म्हणून त्याचा बुंधा खाली पसरट होतो, मंदिराच्या जोत्यासारखा. आजूबाजूला मुळांतून लाकडी सुळके वर येतात, त्यांना ‘गुडघे’ म्हणतात. ते श्वास घेण्यासाठी की आधारासाठी, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. कुंडीत हे गुडघे क्वचितच येतात, त्याची आशा धरू नये. बुंध्याचा पसरटपणा मात्र कुंडीतही येतो, आणि बोन्साय करणारे त्याच्याच प्रेमात पडतात.

लाकूड सहजासहजी कुजत नाही. म्हणूनच विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिथली जुनी जंगलं बहुतेक तोडली गेली. तरी काही झाडं उरली. नॉर्थ कॅरोलायना राज्यात ब्लॅक रिव्हर नावाची नदी आहे. तिथल्या एका झाडाच्या वर्षवलयांवरून २०१९ साली संशोधकांनी त्याचं वय किमान २,६२४ वर्षं असल्याचं जाहीर केलं. म्हणजे गौतम बुद्धांच्या जन्माच्याही आधीपासून ते झाड तिथं उभं आहे. त्याचाच मेक्सिकोतला भाऊबंद ओआहाका राज्यातल्या तुले गावात, चर्चच्या आवारात आहे. त्याच्या बुंध्याचा घेर ३५ मीटरच्या वर आहे. आपल्या दोन-चार घरांनी हात धरून पुरणार नाही, आख्खी सोसायटी उभी करावी लागेल.

मग असं झाड हिंगोलीत कशाला, हा प्रश्न बरोबर आहे. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, हवा कोरडी, आणि पाण्याची बोंब. पण या झाडाची एक गंमत आहे. उष्णतेची त्याला फारशी भीती नाही. त्याला भीती आहे ती मुळं कोरडी पडण्याची. ज्या चुकीनं आपल्याकडं बाकीची बोन्साय मरतात, म्हणजे दोन दिवस लग्नाला गेलो आणि कुंडी सुकली, ती अडचण याच्याबाबतीत टबातल्या पाण्यानं सुटते. नवशिक्याला हे झाड सोपं जातं ते यामुळंच.

माती, पाणी आणि पिवळी पानं

आता निगा. रोप आणतानाच नीट पाहून आणा. उंची पाहू नका, बुंधा पाहा. जमिनीलगत जाड, वर निमुळता, आणि मुळं चहूबाजूंनी फाकलेली असं रोप चांगलं. बी लावायचं असेल तर ते आधी ओलसर वाळूत, फ्रीजमध्ये दोन-तीन महिने ठेवावं लागतं. त्याला हिवाळा झाल्याचा भास व्हावा लागतो. आणि लक्षात घ्या, हे पाण्यातलं झाड असलं तरी बी पाण्याखाली रुजत नाही. ओल्या मातीत रुजतं, रोप वर आल्यावरच पाणी सोसतं.

आपल्या शेतातली काळी माती कुंडीत अजिबात भरू नका. शेताला ती सोन्यासारखी, कुंडीला मात्र जड. ओली झाली की चिकट गोळा, सुकली की कुंडीच्या कडेनं भेग पडते आणि घातलेलं पाणी त्या भेगेतून सरळ खाली जातं. मुळं आत कोरडीच. मी दोन भाग चाळलेला मुरूम किंवा विटांचे बारीक तुकडे, एक भाग जाड रेती आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत घेतो. चाळणीतून खाली पडलेली धूळ फेकून द्यायची. ती राहिली तर पहिल्याच पावसाळ्यात मातीचा चिखल होतो.

कुंडी टबात ठेवताना पाणी कुंडीच्या निम्म्या उंचीपर्यंत पुरे. बुंधा वर राहू द्या. उन्हाळ्यात टबाला बाहेरून बारदाना गुंडाळतो आणि तो ओला ठेवतो. सिमेंटचा टब दुपारी इतका तापतो की मुळं शिजल्यासारखी होतात. एप्रिल-मे मध्ये दुपारच्या उन्हाला पन्नास टक्क्यांचं शेडनेट. सकाळचं ऊन पूर्ण हवं.

आता आपल्या भागातली खरी अडचण. ती ऊन नाही, पाण्यातला क्षार आहे. हे झाड थोड्या आम्ल मातीतलं. आपल्या बोअरचं पाणी जड, माती चुनखडीची. सामू साडेसातच्या वर गेला की झाडाला मातीतलं लोह घेता येत नाही. मग पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिवट-हिरव्या राहतात. इथं बसलेल्या हळदवाल्यांना, वसमतकडच्या पाहुण्यांना हे लक्षण लगेच ओळखू येईल. फेरसची कमतरता म्हणतो ना आपण, तीच. काही जण पिवळी पानं पाहून आणखी युरिया टाकतात. त्यानं वाढ लुसलुशीत होते आणि पिवळेपणा तसाच राहतो. उपाय दोन. एक, लोहाचं चिलेट, तेही ईडीडीएचए प्रकारचं, कारण साधं फेरस सल्फेट क्षारयुक्त मातीत लगेच बांधलं जातं. दुसरा आणि खरा उपाय म्हणजे पावसाचं पाणी.

बऱ्याच वहिनी विचारतात, आरओचं वाया जाणारं पाणी चालेल का? नाही. त्यात क्षार आणखी दाट झालेला असतो. कूलरच्या टाकीतलं पाणी? तेही नाही. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतो, म्हणून तर जाळीवर पांढरा थर बसतो. ज्यांच्याकडं एसी आहे त्यांच्या पाइपातून ठिबकणारं पाणी मात्र चालतं. ते हवेतलं पाणी, त्यात क्षार नसतो. फक्त आपल्या कोरड्या मे महिन्यात ते थोडंच मिळतं.

वर्षाचं वेळापत्रक

आपल्या हवेत हे झाड डिसेंबरच्या शेवटी तांबूस व्हायला लागतं. जानेवारीत उघडं पडतं. त्या वेळी काही जणांनी मला विचारलं, ‘मेलं का हो तुमचं झाड?’ मेलेलं नसतं. नखानं साल थोडी खरवडून पाहा, आत हिरवं दिसलं तर झोपलंय. या काळातही माती सुकू द्यायची नाही.

कुंडी बदलायची ती जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा, कळ्या फुगायला लागल्या की. तेव्हा मुळं जवळपास निम्मी छाटली तरी हे झाड सोसतं. खाली सरळ जाणारी जाड मुळं कापायची, आडवी पसरणारी ठेवायची. लहान झाडाला दर वर्षी-दोन वर्षांनी, जुन्याला तीन वर्षांनी हे काम.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पालवी. जून ते सप्टेंबर झाड धावतं. या काळात वरचा शेंडा सगळी ताकद ओढून घेतो, म्हणून शेंडा वारंवार खुडायचा आणि खालच्या फांद्यांना मोकळीक द्यायची. आकार देण्यासाठी तार गुंडाळायची असेल तर ॲल्युमिनियमची उत्तम. तांब्याची हवी असेल तर मोटार रिवायंडिंगच्या दुकानातली जुनी तार मिळते. ती आधी मोकळ्या जागी जाळावर तापवून गार करा म्हणजे मऊ होते. त्या धुरात उभं राहू नका, वरचं लॅकर जळतं. या झाडाची साल मऊ असते आणि पावसाळ्यात बुंधा भरभर फुगतो. म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी तार पाहायची. रुतायला लागली की उलटी फिरवून काढू नका, छोटे तुकडे करून कापा.

आकाराबद्दल एक गोष्ट. लहानपणी हे झाड देवदारासारखं टोकदार असतं, पण दलदलीतल्या म्हाताऱ्या झाडांचा शेंडा वादळात, विजेनं मोडलेला असतो. वरच्या फांद्या आडव्या पसरून छत्रीसारख्या होतात. न्यू ऑर्लिन्सचे बोन्सायकार व्हॉन बँटिंग यांनी ते रूप पाहून ‘फ्लॅट टॉप’ म्हणजे सपाट माथ्याची पद्धत बोन्सायमध्ये रूढ केली. जपानी पुस्तकात ती नव्हती. आपल्या गावातलं झाड जसं म्हातारं होतं तसं ते कुंडीत दाखवायचं, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. आपणही वडाचं बोन्साय करताना जपानी पाइनची नक्कल कशाला करायची? पारंब्या येऊ द्याव्यात, पार असल्यासारखा बुंधा दिसावा.

कीड फार नाही. कोरड्या उन्हात लाल कोळी येतो, पानं धुरकट होतात. रोज संध्याकाळी पानांवर पाण्याचा फवारा दिला तर बहुधा औषधाची गरज पडत नाही. लागलंच तर निंबोळी अर्क. खत द्यायचं त्या आठवड्यात कुंडी टबाबाहेर ठेवा, नाहीतर पाणी हिरवं होऊन वास मारतं.

‘झाडाचे हाल करता’ म्हणणाऱ्यांना

हा प्रश्न दर वेळी येतो आणि प्रामाणिकपणे येतो. झाडाला छोटं ठेवणं म्हणजे छळ नाही का? मी असं सांगतो. बोन्साय उपाशी ठेवून होत नाही. उपाशी ठेवलेलं झाड बुटकं होत नाही, मरतं. ते लहान राहतं छाटणीमुळं आणि मुळांना दिलेल्या मापाच्या जागेमुळं. द्राक्षवाला दरवर्षी वेल छाटतो, डाळिंबवाला बहार धरण्यासाठी पाणी तोडतो, कुंपणाची मेंदी आपण महिन्याला कापतो. झाड ते सोसतं आणि नवं फुटतं. छळ होतो तो दुर्लक्षानं. ज्याला रोज बघायला वेळ नाही त्यानं बोन्साय घेऊ नये, हे मी आधीच सांगतो.

वास्तूबद्दलही विचारतात. ज्यांच्या मनात शंका आहे त्यांनी घरात ठेवूच नये. तसंही बोन्साय घरात जगत नाही, त्याला ऊन लागतं. शोकेसमधलं बोन्साय पंधरा दिवसांत पिवळं पडतं आणि दोष वास्तूवर जातो.

गच्चीचे चार प्रश्न

आता मुद्द्याचं. वरच्या मजल्यावरच्या सभासदांची तक्रार माझ्या कानावर आहे आणि ती रास्त आहे. ज्यांच्या डोक्यावर स्लॅब आहे त्यांनी काळजी केलीच पाहिजे. चार प्रश्न आहेत : वजन, गळती, डास आणि पाणी. एकेक घेऊ.

वजन. साठ सेंटीमीटर लांब, चाळीस रुंद, दहा खोल असा ट्रे धरा. त्यात २४ लिटर माती. ओली असताना ती चाळीस किलोच्या आसपास, ट्रेचं वजन वेगळं. जिथं माणसं ये-जा करतात अशा गच्चीला आपल्याकडच्या मानकाप्रमाणं दर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरतात. म्हणजे ट्रे पसरून ठेवले तर चिंता नाही, एका कोपऱ्यात दाटीवाटीनं रचले तर आहे. पाण्यानं भरलेला मोठा टब तर आणखी जड. म्हणून जड कुंड्या भिंतीलगत, खाली बीम आहे तिथंच, आणि एकदा स्थापत्य अभियंत्याला दाखवून जागा आखून घ्यायची. पंचवीस वर्षांची इमारत आहे, अंदाजानं काम नको.

गळती. कुंडी जमिनीवर टेकली की खालची जागा कायम ओली राहते, आणि मुळं बाहेर येऊन वॉटरप्रूफिंगमध्ये घुसतात. यावर एकच उपाय : सगळ्या कुंड्या विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर, खालून हात फिरेल एवढ्या उंच. खाली झाडू मारता आला पाहिजे. पावसाळ्याआधी पाणी जायच्या जाळ्या साफ. माझ्या सगळ्या कुंड्या स्टँडवर आहेत, कोणीही येऊन पाहावं.

पण मंडळी, गच्चीवर झाडं नाहीत अशा इमारतींनाही पिंपळ फुटतोच. आपल्याच पॅरापेटला, ड्रेनेजच्या पाइपाला पाहा. पाखरं फळं खातात, बी भेगेत पडतं, पहिल्या पावसात उगवतं. नुसतं ओढून तोडलं तर मूळ आतच राहतं आणि पुढच्या वर्षी दुप्पट जोरानं येतं. चांगला पाऊस झाल्यावर, भेग भिजलेली असताना, लहान रोप मुळासकट काढायचं आणि लगेच ती भेग पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटनं बुजवायची. आणि काढलेलं रोप फेकू नका. त्याचं सरळ मूळ कापा, पसरट कुंडीत लावा. बोन्साय शिकायला याच्यापेक्षा चांगलं झाड नाही. फुकट मिळतं, ऊन सोसतं, बोअरचं पाणी पितं. ज्या पोरांना टॅक्सोडियम हवंय त्यांनी आधी दोन वर्षं भिंतीतला पिंपळ, वड किंवा उंबर सांभाळून दाखवावा. इमारतही वाचते आणि झाडही.

डास. इथं मी कुणाचीही बाजू घेणार नाही. टबातलं साठलेलं पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाला आवतण. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. शिवाय हा डास अंडी पाण्याच्या कडेला, टबाच्या भिंतीला चिकटवतो, आणि ती कोरडी झाली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. म्हणून नुसतं पाणी ओतून देणं पुरेसं नाही. दर आठवड्याला ठरलेल्या वारी टब रिकामा करून घासायचा. आपण पाण्याच्या टाक्यांसाठी कोरडा दिवस पाळतो, तोच दिवस याला. मोठा टब असेल तर त्यात गप्पी मासे सोडायचे, ते अळ्या खातात. आणि माणूस गावाला जाणार असेल, आठवडा सांभाळायला कोणी नसेल, तर टब रिकामा, कुंडी सावलीत, माती ओली. एका झाडासाठी शेजारच्या लेकराला ताप येणार असेल तर ते झाड नकोच.

पाणी. मे महिन्यात आपल्याकडं टँकर येतो तेव्हा कुंड्यांना पाणी घालताना मलाही चार डोळे पाहत असतात, हे मला कळतं. माझ्या चौदा कुंड्यांना उन्हाळ्यात रोज सुमारे ४५ लिटर लागतं, म्हणजे तीन बादल्या. त्यातलं चार-पाच लिटर एकट्या टॅक्सोडियमचं. तीन बादल्या म्हणजे काही फार नाही, असं मी म्हणणार नाही. ज्या घरी नळाला चार दिवसांनी पाणी येतं तिथं तीन बादल्या फार असतात. म्हणून हिशोब पावसाकडूनच मांडायचा. १०० चौरस मीटर गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला की १,००० लिटर पाणी होतं. गळून-सांडून ८०० तरी हाती लागतं. पहिला पाऊस धूळ धुवायला सोडून द्यायचा, नंतरचा ड्रममध्ये. टॅक्सोडियमला उन्हाळ्याच्या ९० दिवसांचं साधारण ४५० लिटर लागेल. दोनशे लिटरचे तीन ड्रम, वर घट्ट झाकण आणि झाकणाखाली कापड, एवढ्यावर त्याचा उन्हाळा निघतो. बाकी पाणी जमिनीत मुरवलं तर आपल्याच बोअरला. कयाधू दोन-तीन महिने वाहते आणि मग कोरडी पडते, हे आपण सगळे बघतो. आपल्या गच्चीवरून वाहून जाणारं पाणी आपणच अडवायचं.

नियमांनी बांधलेलं एक गाव

जपानमध्ये १९२३ साली मोठा भूकंप झाला. टोकियोतले बोन्साय करणारे उघड्यावर आले. १९२५ मध्ये त्यांनी शहराबाहेर ओमिया इथं नवी वस्ती वसवली, बोन्साय गाव. त्यांनी एकत्र येऊन नियम केले. इथं राहणाऱ्यानं किमान दहा बोन्साय सांभाळावीत, फाटक सगळ्यांसाठी उघडं ठेवावं, दुमजली घर बांधू नये, आणि कुंपण म्हणून झाडांची रांगच असावी. मला हे वाचून आपली उपविधी आठवली. सहकारी संस्थाच ती. फरक एवढाच की तिथले नियम झाड जगावं म्हणून होते. दुमजली घर नको, कारण सावली शेजारच्याच्या झाडावर पडेल. ते गाव आजही आहे, गेल्या वर्षी-दीड वर्षात त्याची शंभरी झाली.

आणि दुसरी गोष्ट. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय बोन्साय संग्रहालयात एक पाइन आहे. १६२५ पासून ते कुंडीत आहे. जपानमधलं यामाकी कुटुंब पिढ्यानपिढ्या ते सांभाळत होतं. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ते झाड तिथून तीनेक किलोमीटरवर, अंगणातल्या भिंतीआड होतं. वाचलं. १९७६ मध्ये मासारू यामाकी यांनी ते अमेरिकेला भेट दिलं, ज्यांनी बॉम्ब टाकला त्यांनाच. आणि त्या वेळी हिरोशिमाचा गवगवा केला नाही. २००१ मध्ये नातवंडं झाड बघायला आली तेव्हा संग्रहालयाला ते समजलं. चारशे वर्षं एका झाडाला कुणी ना कुणी रोज पाणी घातलंय. एकानं नाही, अनेकांनी.

आपल्यानंतर कोण?

ही शेवटची काळजी, आणि गच्चीपेक्षा हीच मला मोठी वाटते. आपली संस्था उभी राहिली तेव्हा हिंगोली जिल्हा नवा-नवा होता, १ मे १९९९ ला परभणीपासून वेगळा झालेला. आपण सगळे चाळिशीच्या आत-बाहेर होतो. पोरं खाली सायकली चालवायची. आज ती पुण्याला, हैदराबादला, काही त्याच्याही पलीकडं. कित्येक घरांत दोघंच, काही घरांत एकच. मला रात्री गच्चीचा जिना चढताना गुडघा दुखतो. ज्या झाडाला दोन हजार वर्षं जगायची ताकद आहे ते माझ्या कुंडीत माझ्याएवढंच जगणार असेल, तर तो झाडावर अन्याय होईल.

म्हणून माझी विनंती अशी. गच्चीवर एक जागा अभियंत्याकडून आखून घ्या. तेवढ्यातच झाडं, सगळी स्टँडवर. दर आठवड्याला ठरलेला एक कोरडा दिवस, त्याची वही समितीकडं. पावसाच्या पाण्याचे ड्रम मी माझ्या खर्चानं बसवतो, नळाला पुरेसं पाणी नसेल त्या दिवसांत कुंड्यांना टाकीचं पाणी बंद. भिंतीतली रोपं काढायचं काम पावसाळ्यात आपण सगळे मिळून करू, पोरं-पोरी बरोबर. आणि पाण्याच्या पाळीत माझ्याशिवाय किमान तीन घरं असावीत, त्यातलं एक तरी तिशीच्या आतलं. तीन घरं मिळाली नाहीत तर मी स्वतःच कुंड्या खाली उतरवीन, सभेला ठराव करायची गरज पडणार नाही. पाणी घालणारे हात नाहीत तिथं झाड ठेवू नये, हे मीच म्हणालो आहे.

ज्यांना शिकायचंय त्यांच्यासाठी रविवारी सकाळी सात ते आठ मी गच्चीवर असतो. सिकेटर, तार, चाळण सगळं आहे. येताना फक्त जुनी चप्पल घालून या, मुरूम चाळताना पाय भरतात. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तर जरूर यावं आणि स्टँडच्या खाली हात घालून ओल आहे का पाहावं. ओल सापडली तर ती कुंडी त्याच दिवशी हलवू.

पंचवीस वर्षं आपण एकमेकांचं खूप सांभाळलं. कुणाच्या लग्नात पंगती वाढल्या, कुणाला रात्री दवाखान्यात नेलं, कुणाच्या घराच्या चाव्या अजून शेजारच्याकडं आहेत. एका झाडाला पाणी घालणं त्यापुढं मोठं काम नाही.